काकवीची जागा मेपलने का घ्यावी?



या पत्रिकेत आमच्या विभागाकडून आपण नेहमी वाचता ते बेणेप्रक्रियेबद्दल, खताच्या हप्त्यांबद्दल, नाहीतर खोडव्यातले पाचट जाळू नका म्हणून. या खेपेला विषय चुलीपुढचा आहे, आणि चूलही गावाकडची नव्हे, मुंबईच्या उपनगरांतली. ऊस विकास विभागाला भोपळ्याच्या घाऱ्यांशी काय करायचे, असे कुणी विचारील. पण विषय शेवटी उसाच्या रसावरच येऊन ठेपतो, म्हणून लिहितो आहे.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांतल्या मोठ्या किराणा दुकानांत आता मधाच्या बाटल्यांशेजारी तांबूस पाकाच्या बाटल्या दिसतात. त्यांवर पानाचे चित्र असते. हा मेपल सिरप, कॅनडा आणि अमेरिकेतल्या मेपल नावाच्या झाडाचा आटवलेला रस. पाव लिटरच्या बाटलीला कितीतरी शंभर रुपये मोजून माणसे तो घरी नेतात. आपल्याच गावच्या लेकी-सुना तिकडे नोकरीनिमित्त राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरात ओव्हन आला आहे, मुलांना जाड धिरड्यासारखे पॅनकेक लागतात, लाल भोपळ्याचा केक लागतो, आणि त्याच्या पाककृतीत लिहिलेले असते की मेपल सिरप घाला. ऑक्टोबरच्या शेवटी सोसायट्यांतली पोरे भोपळा कोरून त्यात दिवा लावतात. कॉफीच्या दुकानांत ‘पम्पकिन स्पाइस’ नावाचा मसाला घातलेली कॉफी मिळते. तो मसाला काय, तर दालचिनी, जायफळ, सुंठ आणि लवंग! म्हंजे आपल्याच डब्यातला.

माझी तक्रार भोपळ्याबद्दल नाही आणि केकबद्दलही नाही. ज्या गोडाला त्या फळीवर पहिला हक्क होता ती आपली काकवी तिथे का नाही, एवढेच मला विचारायचे आहे. मुंबईत काकवी मिळतच नाही असे नव्हे, पण ती शोधावी लागते. सापडलीच तर खालच्या फळीवर, चिकट झालेली बाटली. कोणत्या हंगामातली, कोणत्या गावच्या गुऱ्हाळातली, किती घट्ट, कशाने रस शुद्ध केलेली, यातला एकही शब्द पुष्कळ बाटल्यांवर नसतो. गिऱ्हाईक ती हातात घेते आणि परत ठेवते. त्यात त्या गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही.

आता या मेपलची कुंडली पाहा, म्हणजे आपण किती वरच्या जागी बसलो आहोत ते कळेल.

मेपलच्या झाडाला खोच पाडून रस काढायचा तर झाड तीस-चाळीस वर्षांचे व्हावे लागते. रस मिळतो तो हिवाळा सरता सरता, रात्री बर्फ आणि दिवसा थोडे ऊन असे हवामान असेल तेवढेच काही आठवडे. आणि त्या रसात साखर किती? साधारण दोन टक्के! चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. आमच्या विभागाचा माणूस तोडणीआधी फडात जाऊन रिफ्रॅक्टोमीटर लावतो तेव्हा ब्रिक्स अठराच्या खाली आला तर तोंड वाकडे करतो. पिकलेल्या उसाच्या रसाचे चार-साडेचार लिटर आटवले की लिटरभर काकवी होते. इंधन म्हणाल तर चिपाड जागेवरच. निसर्गाने सगळे माप आपल्या पदरात टाकले आहे, तरी बाजार त्यांचा!

हे कसे झाले त्याचा इतिहास उसाशीच जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडची शेतकरी कुटुंबे मेपलचा रस आटवून बहुतकरून त्याची वडी पाडत. आपण गुळाची ढेप करतो तसेच, कारण पाक टिकत नसे आणि वडी टिके. ही विद्या तिथल्या मूळच्या आदिवासींची, गोऱ्यांनी ती त्यांच्याकडून घेतली. पुढे उसाची साखर स्वस्त झाली आणि मेपलच्या वडीला कुणी विचारीना. म्हणजे उसानेच मेपलला हरवले होते. तेव्हा तिकडच्या शेतकऱ्याने वडीचा हट्ट सोडला, पाक डब्यात भरला, आणि नुसत्या गोडीऐवजी वास आणि चव विकायला लागला. गोडीत उसाशी कुणी बरोबरी करू शकत नाही, हे त्याने ओळखले. आज हरलेल्याचा पाक पाहुण्याच्या ताटात आणि जिंकलेल्याचा खालच्या फळीवर, अशी गंमत आहे.

त्यांचे संघटनेचे बळही सहकारातल्या माणसाने पाहण्यासारखे आहे. जगातला सत्तर टक्क्यांच्या वर मेपल पाक कॅनडात होतो, आणि कॅनडातला सुमारे नव्वद टक्के एकट्या क्वेबेक प्रांतात. तिथल्या उत्पादकांनी १९६६ मध्ये आपला महासंघ उभा केला. २००० साली त्यांनी राखीव साठा सुरू केला, कारण झाडाचा रस हवामानावर, एक वर्ष पूर आणि एक वर्ष कोरडे. २००४ मध्ये प्रत्येक उत्पादकाला कोटा ठरवून दिला. २०२१ मध्ये पीक घटले आणि मागणी वाढली तेव्हा या साठ्यातून सुमारे ५ कोटी पौंड पाक बाजारात सोडता आला. याच साठ्यातून २०११-१२ मध्ये जवळजवळ ३००० टन पाक चोरीला गेला होता, किंमत सुमारे १ कोटी ८७ लाख कॅनेडियन डॉलर! पिंपातला पाक काढून त्यात पाणी भरून ठेवले होते चोरांनी. आपल्या काकवीची अशी चोरी कुणी केल्याचे ऐकिवात नाही, आणि ही काही अभिमानाची बाब नव्हे.

कोटा पद्धत आपण उचलावी असे मी म्हणत नाही. तिकडेही तिच्यावर भांडणे होतात. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे प्रतवारी. मेपलच्या पाकाची घट्टता ठरलेली, ६६ ब्रिक्सच्या आसपास. रंगावरून चार प्रती: सोनेरी, पिंगट, गडद आणि अतिगडद. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका आणि नाजूक, शेवटचा काळसर आणि उग्र. काळसर पाक त्यांनी टाकून दिला नाही की फिक्यात मिसळला नाही. ‘हा भाजण्या-शिजवण्यासाठी’ असे सांगून वेगळा विकला. आपल्याकडे गुळाला पिवळा रंग आणण्यासाठी हायड्रॉस घालतात ते नेमके उलट. गिऱ्हाइकाला रंगाचा अर्थ सांगण्याऐवजी रंगच बदलून टाकायचा!

आता भोपळ्याकडे वळतो. तांबडा भोपळा, काही भागांत डांगर म्हणतात. (मुंबईत डांगर म्हटले तर समोर उडदाच्या पिठाचे डांगर येते, तेवढे सांभाळा.) हा भोपळा मूळचा अमेरिका खंडाचा आणि दर्यापारहून आपल्याकडे आलेला. पण तो इतका रुळला की ऋषिपंचमीच्या, बैलाच्या कष्टाचे काही न चालणाऱ्या भाजीतही त्याची फोड पडते, आणि म्हातारीला लेकीकडून परत आणणारा भोपळा तर लहान मुलांच्या गोष्टीत जाऊन बसला. वसईकडच्या बायका पाट्या घेऊन लोकलने बोरिवली-अंधेरीला उतरत, त्यात भोपळ्याच्या फाका असत. म्हणजे पाहुणा भोपळा घरचा झाला, आणि घरची काकवी मात्र पाहुणी होऊन बसली.

भोपळ्याचे आणि उसाच्या गोडाचे लग्न आपल्याकडे जुने आहे. कोकणात घारगे, घाटावर घाऱ्या. ओव्हन नव्हते तेव्हाही भाजण्याची विद्या होती. कोकणात तवशाचे धोंडस वरखाली निखारे ठेवून भाजतात, मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोलेही तसेच. तेव्हा केक ही काही आकाशातून पडलेली वस्तू नाही. त्या धोंडसात गूळ पडतो, भोपळ्याच्या केकमध्ये काकवी पडायला काय हरकत आहे?

मी स्वयंपाकातला जाणकार नव्हे, पण काकवी वापरून पदार्थ करणाऱ्या गृहिणींकडून जे ऐकले आणि जे आमच्या शास्त्रात बसते, ते सांगतो. घाऱ्यांसाठी भोपळा किसून पाणी न घालता झाकणावर वाफवावा. दोन वाट्या किसाला पाऊण वाटी काकवी घालून परतावे. गुळापेक्षा काकवीत पाणी जास्त, म्हणून मिश्रण पळीला चिकटून गोळा होईपर्यंत आटवायचे. ही घाई केली तर पीठ जास्त लागते आणि घारी वातड होते. मग चिमूट मीठ, जायफळ, चमचाभर मोहन, आणि बसेल तेवढे कणकेचे व तांदळाचे पीठ. वर खसखस किंवा तीळ लावून मंद आचेवर तळावे. काकवी लवकर करपते, एवढे ध्यानात ठेवावे.

केकमध्ये एक वाटी साखरेच्या जागी पाऊण वाटी काकवी पुरते, मात्र दूध दोन-तीन चमचे कमी करायचे. काकवी किंचित आंबट असते, त्यामुळे खायच्या सोड्याची चिमूट तिच्याशी चांगली फुलते. भट्टीची आच नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवायची, कारण वरचा थर लवकर लाल होतो. जाड धिरड्यावर नुसती ओतायची असेल तर मात्र फिकी, ताज्या हंगामातली काकवी हवी. आणि एक स्पष्ट सांगतो: काकवी हे औषध नव्हे. मधुमेह्याला ती साखरेइतकीच वर्ज्य. खनिजे आहेत, पण म्हणून वाटीभर प्यायची नसते. खोटी स्तुती करून माल विकायला गेलो तर एका वर्षात नाव जाईल.

वासाबद्दल एक मजेची हकीकत आहे. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून अधूनमधून हवेत मेपलच्या पाकाचा वास दरवळू लागला. लोक घाबरले, चौकशा झाल्या. २००९ मध्ये उलगडा झाला की शेजारच्या न्यू जर्सीत मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे, वास तिथून येतो. आपली मेथी! त्या वासाच्या द्रव्याला सोटोलोन म्हणतात, आणि नकली मेपलचा वास मेथीच्या अर्कापासूनच बनवतात. दुकानातल्या पुष्कळ स्वस्त बाटल्या अशाच: मक्याचा पाक, रंग आणि वास. पुढची गोष्ट आपल्या कामाची. १९८० मध्ये जपानी संशोधकांनी उसाच्या कच्च्या साखरेचा जो खास गोड वास, त्यातले मुख्य द्रव्य शोधले, ते हेच निघाले. म्हणजे ज्या वासासाठी उपनगरातली गृहिणी इतके पैसे मोजते, त्याची सख्खी बहीण आपल्या काहिलीत उकळते आहे. कॅनडात राहणाऱ्या मराठी बाईने घारग्यात मेपल घातला तर तिने योग्यच केले, तिच्या दारात तेच झाड आहे. मुलुंडच्या बाईच्या दाराशी मात्र ऊस आहे.

आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. परदेशी पाककृतींत ‘मोलॅसिस’ लिहिलेले असते आणि शहरात कुणी त्याचे भाषांतर काकवी करतात, कुणी मळी. कारखान्यातली मळी म्हणजे रसातली साखर काढून घेतल्यावर उरलेले काळे कडवट द्रव. ती आसवनीकडे जाते. काकवी म्हणजे सगळाच्या सगळा रस, साखर आत ठेवून आटवलेला. (गुऱ्हाळात काहिलीवरचा मळ काढतात त्यालाही मळी म्हणतात, ती आणखी तिसरी.) हा फरक बाटलीवर दोन ओळींत छापला तर अर्धे गैरसमज मिटतील.

आता काकवी चांगली होण्याचे. ती गुळव्याच्या हातात जितकी आहे तितकीच शेतात आहे. क्षारपड जमिनीतला ऊस काकवीला नको. खारट चव लपत नाही. नत्र मोठ्या बांधणीपर्यंत संपवा, नंतर युरिया फेकलात तर रस साफ होत नाही आणि काकवी काळवंडते. लोळलेला, उंदराने खाल्लेला ऊस बाजूला काढा. को ८६०३२ चालतो. गुळासाठी कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडून को ९२००५ सांगितला जातो, तो उत्तम. तोड झाल्यावर चोवीस तासांच्या आत घाण्याला लागला पाहिजे. मळी भेंडीच्या चिकाने काढा, आणि काहील साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवा. गुळासाठी आपण ११८ पर्यंत जातो, इथे घाई करून आधी थांबायचे असते. ते बोटाच्या तारेवर न ठेवता थर्मामीटर लावा. मेपलवालेसुद्धा पाण्याच्या उकळीच्या वर चार अंशांवरच उतरवतात. तळाशी खडा धरू नये म्हणून सायट्रिक आम्ल अगदी थोडे लागते, त्याचे प्रमाण संशोधन केंद्राकडून घ्यावे. भरण्यापूर्वी आठ-दहा दिवस निवळू द्यावी.

भोपळ्याचेही लगे हात सांगतो, कारण दोन-तीन सभासदांनी विचारले. उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून भोपळा लावू नका. वेल उसावर चढतो आणि बांधणीला अडथळा होतो. बांधावर, विहिरीच्या काठाला, उकिरड्याशेजारी चार आळी करा. आपल्या आया-आज्या तेच करीत.

हिशेब करू. एक टन उसातून गुऱ्हाळाच्या घाण्यावर सव्वाशे-दीडशे किलो काकवी मिळते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला ३५५० रुपये ठरली. म्हणजे नुसत्या उसाची किंमत किलो काकवीमागे २७ रुपयांच्या घरात जाते. त्यावर गुळव्याची मजुरी, बाटली, वाहतूक, दुकानदाराचा हिस्सा आणि न खपलेला माल. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली होती, ती आठवा आणि मेपलच्या बाटलीचा भाव शेजारी ठेवा. मधे केवढी जागा मोकळी आहे!

इथे कार्यकारी संचालक साहेब मला बोलावून विचारतील, ‘काय हो, ऊस विकास अधिकाऱ्याने ऊस कारखान्याकडे आणायचा की गुऱ्हाळाकडे धाडायचा?’ प्रश्न रास्त आहे. नोंदवलेला ऊस कारखान्यालाच आला पाहिजे. पोटनियम आहे, आणि गाळप कमी पडले तर तोटा आपणा सर्वांच्याच अंगावर पडतो. पण मी दहा-वीस एकरांची गोष्ट करीत नाही. गटातल्या एका चांगल्या गुऱ्हाळाने हंगामात पंचवीस टन ऊस काकवीला घेतला तर तीन-साडेतीन हजार किलो माल होतो. तेवढा ऊस कारखाना पाऊण तासाच्या आत गाळून मोकळा होतो. उलट कारखान्याने यात पुढाकार घ्यावा असेच माझे मत आहे. आपल्याकडे प्रयोगशाळा आहे, केमिस्ट आहेत. प्रत्येक आधणाचा ब्रिक्स तपासून दाखला देणे त्यांना जड नाही. आमच्या खिशातले रिफ्रॅक्टोमीटर ३२ पर्यंतच दाखवते, काकवीला वरच्या मापाचे लागते, तेवढे एक घ्यावे लागेल. अन्न परवाना एकेका गुऱ्हाळमालकाने काढण्यापेक्षा एका संस्थेच्या नावे काढणे सोपे. उपनगरांतल्या गृहनिर्माण संस्था, महिला मंडळे, आपल्या तालुक्याची मुंबईतली मंडळे यांच्याकडे गणपतीच्या आधी महिनाभर माल पोचला तर गौरीच्या नैवेद्याच्या घाऱ्यांपासूनच सुरुवात होते.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सभासदांनीच लेखी मांडावा, आमच्याकडून गेला तर तो नुसता टिपणीत राहतो. सोबत एक सूचना. बाटली काचेची, पाव लिटरची आणि रुंद तोंडाची असावी. निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून थंडीत काकवी उतरत नाही. आणि पत्र्याच्या डब्यात तर ती कधीच भरू नका, आंबटपणाने डबा आतून गंजतो.